तळ्यावरची साय

सुभेदार धोंडीराम भोई यांना चौकीवर सगळे ‘साहेब’ म्हणत. आम्ही सातारा-सांगलीकडची चार-सहा माणसं मात्र ड्यूटी संपली की त्यांना ‘तात्या’ म्हणायचो. कराडच्या खाली कृष्णाकाठी त्यांचं गाव. पूल होण्याआधी त्यांच्या वडिलांची तिथं नाव चालायची. तात्या चालायच्या आधी पोहायला शिकले, असं ते स्वतःच सांगायचे, आणि त्यांच्याकडं बघून ते खोटं वाटायचं नाही. रुंद खांदे, आखूड मान, आणि चालताना पाय असे टाकायचे की जमीन आपल्याला धरते की नाही, हे जणू आधी विचारून घेतायत.

मी तासगावचा. वायरलेसवर होतो, म्हणून तात्या मला नावानं कधी हाक मारायचे नाहीत. “ए वायरलेस, घरची काय खबर?” असंच.

एकाहत्तरची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमची चौकी काश्मीरच्या वरच्या अंगाला, एका लांबोळ्या तळ्याच्या काठावर होती. तळ्याच्या एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला खाली उतरणारी गाडीवाट. मधे एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला काठाकाठानं जाणारी पायवाट. तळ्यात मासे भरपूर. ट्राउट म्हणतात त्यांना, अंगावर लाल ठिपके असतात. तात्यांच्या मते कृष्णेतल्या मरळ माशापुढं त्यांची चव काहीच नाही, पण “परमुलखात जे भेटंल ते गोड.” सोमवारी आणि शनिवारी ते मासा खायचे नाहीत. पकडायचे मात्र रोज.

थंडी सुरू झाली की ते तळं गोठायला लागायचं. मी तोवर बर्फ पाहिला होता तो सांगलीच्या बाजारात, भुशात गुंडाळलेल्या लादीचा. पाण्याचं अख्खं मैदान एका सकाळी थिजून पडलेलं बघितलं तेव्हा मी तोंड धुवायचं सोडून काठावर गेलो. बर्फ काळा, आरशासारखा. वाकून बघितलं तर खाली मासे फिरताना दिसत होते. त्यात तळं आवाज करायचं. मधूनच आतून ‘हुंऽऽ’ असा लांबलचक हुंकार यायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जायचा. आम्ही घाबरून मागं सरलो. तात्या काठावर उकिडवे बसून ऐकत होते, गावाकडं भजन ऐकायला बसतात तसे.

“काय हाय तात्या हे?”

“अंग ताणतंय ते. निजलेलं माणूस कूस बदलताना कण्हतं का न्हाई? तसं. त्याला भ्यायचं न्हाई. पायाखाली बारीक कडकड झाली, तर मातुर भ्यायचं.”

हे सगळं ते गुलाम चाचांकडून शिकले होते. गुलाम चाचा म्हणजे आमच्या चौकीवर राशन वाहून आणणारा तिथलाच म्हातारा हमाल. आदला सबंध हिवाळा तात्या त्यांच्या मागं मागं चालले होते. चाचा जिथं पाय ठेवतील तिथंच पाय ठेवायचा, चाचा जिथं थांबतील तिथं थांबायचं. “माझा बाप पाण्याचा गुरू, ह्यो बर्फाचा,” असं म्हणून हिवाळ्यातला पहिला मासा तात्या चाचांच्या घरी पोचवायचे. मग चौकीवर चूल पेटायची.

पण तो पहिला मासा यायला फार वाट बघावी लागायची. डब्यातलं अन्न आणि वाळवलेले बटाटे खाऊन आम्ही कंटाळलेले असायचो, खाली मासे दिसायचे, आणि तात्या कुणाला बर्फावर पाय ठेवू द्यायचे नाहीत. बिरू तर त्यांच्याशी रोज भांडायचा. बिरू जतकडचा, धनगराचा पोरगा, फौजेत चार-पाच वर्षं झालेला, पायानं वाऱ्यासारखा. जतच्या माळावर दुष्काळात मेंढरं घेऊन हिंडलेला. एवढं पाणी त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं, आणि आता ते पाणी दगड झालेलं बघून त्याला राहवेना.

एक दिवस त्यानं डोक्याएवढा धोंडा उचलला आणि बर्फावर लोटून दिला. धोंडा गात गात घसरत गेला, पार मधोमध जाऊन थांबला. आम्ही शिट्ट्या वाजवल्या.

“बगा तात्या! एवढा धोंडा झेपला!”

तात्यांनी पहार घेतली, काठापासून जरा आत पालथे पडून सरकत गेले, आणि एक भोक पाडलं. बाही वर करून हात त्या भोकात घातला, कडेला लावला. मग आम्हाला दाखवला. कडेला आडवी दोनच बोटं बसली होती, तेवढीच बर्फाची जाडी.

“धोंडा पळत गेला म्हणून झेपला. तू थांबशील, वाकशील, गळ टाकशील. ही आडवी मूठ बसली पायजे कडंला. मूठ बसंल तवा मासे. तवर बटाटे.”

मग चौकीत तो रामरामच झाला. सकाळी तोंड धुताना कुणीतरी ओरडायचा, “काय तात्या, मूठ झाली का?” आणि तात्या बर्फ झालेल्या मिशांतून म्हणायचे, “तीन बोटं.” कॅप्टन साहेबसुद्धा विचारायचे. ते पंजाबचे, बोलायला कमी. तात्यांवर त्यांचा इतका विश्वास होता की तळ्याच्या बाबतीत त्यांनी कधी हुकूम दिला नाही. “सुभेदार साहब से पूछो,” एवढंच म्हणायचे.

मूठ झाली की तात्या आधी स्वतः जायचे. पुढं पहार आपटत. आवाज ‘टण्’ आला की पाऊल, ‘थप’ आला की बाजूला. काळा बर्फ पक्का, पांढरा निम्मा कच्चा, आणि करडा दिसला तर तिथूनच मागं फिरायचं. जिथं ओढा तळ्याला मिळतो तिकडं फिरकायचं नाही, तिथलं पाणी हलतं, साय धरत नाही. दोघांनी जवळ उभं राहायचं नाही. काल चाललो म्हणून आज चालायचं नाही, आज परत पहार आपटायची. आणि गळ्यात ती माळ. माळ म्हणजे दोन मोठे खिळे, त्यांना लाकडी मुठी, दोन्ही एका दोरीच्या दोन टोकांना बांधलेले. पाण्यात पडलास तर ओल्या बर्फावर हात घसरतात, वर येता येत नाही. खिळे रोवायचे आणि स्वतःला ओढून काढायचं.

“आमी माळकरी न्हाई तात्या,” बिरू हसायचा.

“हितं समद्यांनी माळ घालायची. आत पडलास तर आल्या वाटंकडं तोंड फिरीव. फुडचा बर्फ कसा हाय ठावं न्हाई, मागचा तुला झेपला हुता. पाय मार, बेडकावाणी. वर आलास की हुबा राहू नगंस. लोळत ये.”

हे ते इतक्या वेळा सांगायचे की आम्ही त्यांची नक्कल करायचो. आता लिहिताना प्रत्येक शब्द कानात वाजतोय.

त्या वर्षी मूठ नुकतीच झाली होती, आणि एक-दोन दिवस मासे खाऊन आम्ही खूश होतो, तेवढ्यात मोठं हिम पडलं. दोन दिवस आभाळ दिसलं नाही. हिम थांबलं तेव्हा तळं काळं राहिलं नव्हतं, पांढरी चादर. मला वाटलं, आता आणखी जाड झालं असेल. तात्यांचा चेहरा मात्र उतरला.

“गोधडी पडली त्याच्यावर,” ते म्हणाले. “गोधडीत थंडी लागतीया व्हय? आता ते वाढायचं न्हाई. आन खाली काळं हाय का करडं, ते बी दिसायचं न्हाई.” आणि त्यांनी तळं बंद केलं.

त्याच दिवशी बिरूच्या पोटात दुखायला लागलं. संध्याकाळपर्यंत तो गुडघे छातीशी घेऊन पडला. उजव्या बाजूला हात लावू देईना, ओकाऱ्या, अंग तापलेलं. आमच्याकडं डॉक्टर नव्हता, औषधोपचार करणारा एक शिपाई होता. त्यानं कॅप्टन साहेबांना सांगितलं, अपेंडिक्स असणार, चिरल्याशिवाय इलाज नाही. मी वायरलेसवर बसलो. खालून उत्तर आलं, हेलिकॉप्टरला आभाळ मोकळं नाही. डॉक्टर घेऊन गाडी तळ्याच्या पलीकडच्या टोकाला येऊ शकेल. सकाळी पायवाटेनं निघायचं ठरलं.

सकाळी बघितलं तर पायवाट नव्हतीच. पायवाटेवरच्या उतारावरून हिमाचा लोट कोसळून थेट तळ्यापर्यंत आला होता, आणि उरलेला डोक्यावर लटकत होता. तिथून जाणं म्हणजे सगळ्यांनी गाडून घेणं.

कॅप्टन साहेबांनी तात्यांकडं पाहिलं. काही विचारलं नाही. आतून बिरूचं कण्हणं ऐकू येत होतं. तात्या काठावर जाऊन उभे राहिले. किती वेळ उभे होते कोण जाणे. माझ्या जिवाला तो फार वाटला. मग परत आले आणि गुलाम चाचांशी हळू आवाजात बोलले. चाचांनी हातानं एक मोठी वळणाची रेघ दाखवली, ओढ्याच्या तोंडापासून पार दूर, कड्याच्या सावलीतून. सावलीत थंडी जास्त, हिम कमी साचलेलं. चाचा स्वतः पुढं व्हायला निघाले. तात्यांनी त्यांचा हात धरला.

“नहीं चाचा. आप वजन में हलके हो. मैं जहाँ से जाऊँगा, वहाँ से सब जायेंगे.”

चौकीत सगळ्यात जड माणूस तात्या होते.

शिडी आडवी टाकून तिच्यावर पत्रा बांधला, त्यावर बिरूला कांबळ्यांत गुंडाळून ठेवलं. म्हणजे वजन एका जागी पडत नाही. शिडीला लांब दोर. ओढणारे एकमेकांपासून दूर दूर. माझ्या पाठीवर वायरलेस, पण पट्टे सैल सोडायला लावले, पडलो तर खांद्यावरून झटकून टाकता यावा म्हणून. तात्यांनी स्वतःच्या कमरेला दोर बांधला आणि एक गाठोडं बिरूच्या पायाशी खोचलं. त्यात काय आहे ते आम्हाला ठाऊक नव्हतं. मग सगळ्यांकडं वळून म्हणाले, “मी खाली गेलो तर कुनी पळत यायचं न्हाई. जो पळत यील त्याला मी वर आल्यावर हाणीन.”

आम्ही निघालो. तात्या पुढं. पायानं हिम बाजूला सारायचं, रंग बघायचा, पहार आपटायची, ऐकायचं, पाऊल टाकायचं. टण्. पाऊल. टण्. पाऊल. कॅप्टन साहेब दोराच्या शेवटी होते. सरळ जाता आलं असतं तर समोरची गाडी हाकेच्या अंतरावर वाटत होती. तिच्याशेजारी उभी माणसंही दिसत होती. आणि आम्ही तिच्याकडं पाठ फिरवून कड्याखालून भलतीकडंच चाललो होतो. बिरू ओरडला, “सरळ चला की वं, मेलो मी!” तात्यांनी मान वळवली नाही. “ओरड,” ते म्हणाले, “ओरडतुयास तवर जित्ता हायस.”

निम्म्याहून जास्त तळं मागं पडलं असेल. पहार आपटली, टण् वाजलं, तात्यांनी पाऊल टाकलं, आणि तिथं तात्या नव्हतेच.

आवाजसुद्धा झाला नाही. पांढऱ्यात एक काळं भोक, त्यात पाणी हिंदकळतंय आणि वर त्यांची टोपी तरंगतेय. तळातून कुठंतरी जिवंत झरा येत असणार, तो चाचांनाही माहीत नव्हता. माझा पाय आपोआप पुढं गेला. मागून कॅप्टन साहेब ओरडले, “कोई नहीं हिलेगा!” दोर ताणून आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. बिरूसुद्धा गप्प झाला होता.

तात्यांचं डोकं वर आलं. त्यांनी मोठा श्वास ओढला, भात्यासारखा. मग एक क्षण, खरंच, ते नुसते पाण्यात राहिले. धडपड नाही, आरडाओरडा नाही. श्वास ताब्यात येईपर्यंत थांबले. मग तोंड आमच्याकडं फिरवलं, आल्या वाटेकडं. दोन्ही हात बर्फावर ठेवले, खिळे रोवले, पाय मागं उचलून बेडकासारखे मारले आणि छाती वर आली. बर्फाचा तुकडा मोडला. परत खाली. पुन्हा खिळे, पुन्हा पाय. पुन्हा तुकडा मोडला. तिसऱ्या खेपेला बर्फ टिकला. आम्ही दोर हळूहळू ओढला, आणि ते लोळत लोळत आमच्याकडं आले. रोज सांगायचे तसेच, शब्दन् शब्द तसाच, आमच्या डोळ्यांदेखत.

पक्क्या बर्फावर येऊन बसले. मिशा पांढऱ्या, ओठ निळे, दात वाजतायत. बोटानं बिरूच्या पायाकडं दाखवलं. गाठोडं सोडलं तर आत कोरडे कपडे. माणूस स्वतः बुडायची तयारी करून निघाला होता. आम्ही त्यांचे कपडे कापून काढले, अंग पुसलं, कोरडं चढवलं. बूट मात्र दुसरे नव्हते. कांबळं फाडून पायांना गुंडाळलं.

कॅप्टन साहेब पालथे सरकत आले. त्यांचे डोळे भरले होते. “साहब, वापस चलते हैं. आप नहीं चल सकते.”

तात्यांना हिंदी सुचेना. मराठीतच बोलले, “मागं बी तेवढंच हाय, फुडं बी तेवढंच हाय. फुडं डाक्टर हाय.”

मी त्याचं हिंदी करून सांगायला तोंड उघडलं. साहेबांनी हात वर केला. त्यांना समजलं होतं.

त्या भोकाशेजारी एक काठी रोवून, लांबून वळसा घालून, तात्या पुन्हा पुढं झाले. पायांना कांबळ्याच्या चिंध्या, हातात शिडीवर ठेवलेली दुसरी पहार. टण्. पाऊल. टण्. पाऊल. मला देव भेटलेला नाही, पण त्या दिवशी मी ज्याच्या मागून चाललो त्याच्याबद्दल मला कुणी विचारलं तर मी काय सांगू? आम्ही काठाला लागलो, डॉक्टर पळत आले, बिरूला गाडीत घातलं. तात्यांना उभं राहायला सांगितलं तेव्हा त्यांना उभं राहता येईना. “पाय कुटं हायत माझं?” असं त्यांनी मला अगदी साधेपणानं विचारलं. जणू चपला विचारतायत.

बिरू वाचला. तात्यांच्या डाव्या पायाची सगळी बोटं आणि उजव्याची दोन काढावी लागली. इस्पितळात भेटायला गेलो तर म्हणाले, “इतकी वर्सं मी मासं खाल्लं, औंदा त्यांनी मला खाल्लं. फिटलं.”

तात्या घरी आले. पुढच्या सुट्टीत मी त्यांना भेटायला गेलो, तर ओसरीवर बिरू आणि त्याची आई आधीच येऊन बसलेले. जतहून दोन गाड्या बदलून म्हातारी आली होती, काखेत नवी काळी घोंगडी. ती तात्यांच्या पायाशी बसली आणि त्या बोटं नसलेल्या पायावर तिनं आपला तळवा ठेवला. नमस्कार केला नाही, नुसता तळवा ठेवून बसली. तात्या अवघडले.

“आवं, उटा की. काय हे.”

“पोरगं सांगतं, तळ्यावरनं चालत न्हेलं,” म्हातारी म्हणाली. “आमच्याकडं प्यायला पाणी न्हाई. पाण्यावरनं चालायचं म्हंजी कसं, ते मला सांगा बाबा.”

तात्यांनी विचार केला. “दूध तापवता न्हवं तुमी? निवलं की वर साय धरती. तशी साय धरती तळ्यावर. माशी बसली तर झेपती, उंदीर चढला तर बुडतो. आमी माशी हुन ग्येलो, एवढंच.”

म्हातारीनं पायावरचा तळवा तसाच दाबून धरला. मग म्हणाली, “माशी न्हवं तुमी,” आणि पदरानं डोळे पुसले. बिरू भिंतीकडं तोंड करून उभा होता.

तात्यांना मी शेवटचं पाहिलं ते साताऱ्यात. माजी सैनिकांच्या कचेरीत त्यांचं काही काम होतं, मी सुट्टीवर होतो, म्हणून बरोबर गेलो. काम झालं, चहा झाला, आणि आम्ही पोवई नाक्यावर आलो. पलीकडच्या बाजूनं स्टँडकडं जायचं होतं. एसट्या, उसाचे ट्रक, रिक्षा, मधूनच एखादी बैलगाडी. तात्या रस्त्याच्या कडेला थांबले. एक गाडी गेली, दुसरी गेली. रस्ता मोकळा झाला, मी पाऊल टाकलं, तर ते जागचे हललेच नाहीत.

“चला की तात्या.”

“थांब.” त्यांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. कपाळावर घाम आला होता. “हितं पळाय लागतं गड्या. मला पळाय येत न्हाई आता. आन ह्या गाड्या कवा कुठनं येत्याल, काय समजत न्हाई.” मग काठी बगलेत मारून त्यांनी माझ्यापुढं हात केला. “धर रं माझा हात. लय भ्या वाटतं हितं.”

मी हात धरला. पहारीनं घट्टे पडलेला, रुंद, गार हात. आम्ही दोघं हळूहळू रस्ता ओलांडला. एक ट्रक भोंगा वाजवत थांबला, ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी बोलला. तात्यांनी त्याच्याकडं बघून मान लववली, मेहरबानी झाली अशी.

कराडची गाडी लागलेलीच होती, खचाखच भरलेली. तात्या पायरी चढले आणि दारातच अडकले. आतून कंडक्टर ओरडला, “ओ बाबा, वाटेत काय उभं राहताय? चला, पुढं व्हा, पुढं!”

“व्हय, व्हय, सरकतो,” तात्या म्हणाले, आणि दांडी धरून एकेक पाऊल जपून टाकत माणसांत शिरले.

मला त्या कंडक्टरला काहीतरी सांगायचं होतं. मी पायरीपर्यंत गेलोही. पण तोवर त्यानं डबल बेल मारली होती.